इंडियाहून आणलेली क्रीम

आधीच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तेही इंजिनिअरिंगला. शाळेत असताना निबंध मी पाठ करून लिहायचो. शिवाय विषय खाजेचा. ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे ती माणसं माझ्यापेक्षा वयानं मोठी आहेत, शिकलेली आहेत, या देशात त्यांनी उभं आयुष्य काढलंय, आणि त्यांच्या घरचं मी जेवलोय. त्यांच्याबद्दल असं लिहावं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण बोलायची वेळ आली तेव्हा माझ्या तोंडून धड वाक्य निघालं नाही, आणि राग होता तिथेच राहिला. म्हणून लिहितोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी अमेरिकेत, बॉथेलमध्ये एका मराठी कुटुंबाच्या घरात तळमजल्यावरच्या खोलीत राहत होतो. काका निवृत्त डॉक्टर. ऑपरेशनच्या आधी भूल देणारे. काकू घर आणि इथलं मराठी मंडळ दोन्ही सांभाळायच्या. त्यांची मुलगी इथेच जन्मलेली, दहा मिनिटांवर राहणारी. तिला मी ताई म्हणायचो. तिची तीन वर्षांची छोटी शनिवार-रविवार आजी-आजोबांकडे असायची. मास्टर्सला आलो तेव्हा कुणाच्या तरी ओळखीनं ही खोली मिळाली. भाडं कमी होतं. त्याबदली लॉन कापायचं, काकांना कार्यक्रमांना ड्राइव्ह करून न्यायचं, छोटीशी खेळायचं. कॅम्पसजवळच्या एका खोलीत चौघं राहणारी माझी वर्गमित्र मंडळी मला नशीबवान म्हणायची. मलाही तसंच वाटायचं.

काकांचं एक ढोलपथक होतं. त्यांनीच ते उभं केलं होतं. ढोल पुण्याहून जहाजानं मागवलेले. दर रविवारी एका ऑफिस पार्कच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये प्रॅक्टिस असायची, कारण तिथे आवाजाची तक्रार करायला कुणी नसतं. काका स्वतः या वयात ढोल बांधून तासभर उभे राहायचे, आणि मला म्हणायचे, "तुम्हा पोरांची कंबर दुखते आणि माझी नाही, लाज वाटू दे."

ढोल कमरेला बांधायला आत कापूस भरलेला रुंद पट्टा लागतो. पट्टे पथकाचे. ज्याच्या हाताला जो येईल तो त्यानं बांधायचा. प्रॅक्टिस संपली की घामानं चिंब झालेले ते पट्टे एका झाकणाच्या प्लास्टिकच्या टबमध्ये जायचे, टब काकांच्या गराजमध्ये, आणि पुढच्या रविवारी पुन्हा आपल्या कमरेला. ते कधी धुतल्याचं मी पाहिलं नाही. धुतले की कापसाचे गोळे होतात, असं सगळेच म्हणायचे.

जूनमध्ये माझ्या कमरेवर डाव्या बाजूला एक लाल चट्टा उठला. खाज एवढी की लेक्चरमध्ये मी पेनाच्या टोपणानं शर्टावरूनच खाजवायचो. मी काकूंना सांगितलं.

"एवढंच ना," काकू म्हणाल्या आणि औषधांच्या डब्यातून एक ट्यूब काढून दिली. "इंडियाची आहे. इथे असलं काही देत नाहीत, प्रिस्क्रिप्शनशिवाय साधी क्रीम मिळत नाही. दोन दिवस लाव, जातं बघ."

ही ट्यूब इथल्या जवळजवळ प्रत्येक मराठी घरात असते. कुणी भारतात निघालं की भाकरवडी आणि मसाल्यांच्या यादीत तिचंही नाव असतं. डास चावला, पुरळ आलं, मान खाजली, काहीही असो, तीच. मीही आमच्या गावातल्या मेडिकलमधून ती घ्यायचो. दुकानदार न विचारता द्यायचा.

खरंच गेलं. दोन दिवसांत खाज बंद, चट्टा फिका. क्रीम थांबवली आणि आठवड्यात तो परत आला, मोठा होऊन. पुन्हा लावली, पुन्हा गेला. मग पोटावर, मग मांडीवर. आमच्याकडे गजकर्ण काय असतं ते मी लहानपणापासून पाहिलंय. त्याची गोल कड असते, मधे कातडी साफ दिसते. माझ्या चट्ट्यांना कड नव्हती. नुसते पसरट, लालसर, जणू कुणी ओल्या हातानं रंग फासलाय. म्हणून ते माझ्या डोक्यातच आलं नाही.

कॉलेजच्या दवाखान्यात व्हिडिओवर अपॉइंटमेंट मिळाली. स्क्रीनवरच्या बाईंनी कॅमेऱ्याजवळ पोट आणायला सांगितलं आणि एक्झिमा म्हणाल्या. काही लावतोस का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, घरची एक क्रीम लावतो. कुठली, हे त्यांनी विचारलं नाही आणि मलाही सांगावंसं वाटलं नाही. त्यांनी आणखी एक क्रीम लिहून दिली. ती त्याच जातीची होती, हे मला फार नंतर कळलं. मी साबण बदलला, डिटर्जंट बदललं, गादीत ढेकूण असतील म्हणून गादी उचलून बाहेर टाकली आणि जमिनीवर झोपू लागलो. काकूंच्या सांगण्यावरून वांगं आणि शेंगदाणे सोडले. शेंगदाण्याशिवाय आमच्याकडचं जेवण कसं करायचं, हे मला आजही माहीत नाही.

काकांना मी तीनदा तरी विचारलं असेल. ओळखीचा डॉक्टर असताना बाहेर कशाला जायचं, असंच ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो. ते आयपॅडमधून डोकं वर न काढता म्हणायचे, "हीट रॅश रे."

"काका, एकदा बघता का?"

"बघायचंय काय त्यात? स्ट्रेस घेता तुम्ही मुलं. परीक्षा झाली की जाईल. क्रीम आहे ना घरात?"

त्यांनी कधीच पाहिलं नाही. मी शर्ट वर करायला लागलो की त्यांना काहीतरी आठवायचं आणि ते उठून जायचे. मला वाटायचं, एवढा मोठा डॉक्टर, माझ्यासारख्याचं अंग कशाला बघेल.

ऑगस्टमध्ये छोटीच्या गालावर चट्टा उठला. ताई तिला घ्यायला आली होती. तिनं मुलीच्या गालाकडे पाहिलं, मग माझ्या मानेकडे, कारण तोवर एक चट्टा कॉलरच्या वर आला होता. ती वाईट बाई नाही. ती हळू आवाजात, माझ्याकडे न बघता काकूंना म्हणाली, "मॉम, हे काय आहे ते कळेपर्यंत ही आणि तो एका खोलीत नकोत. आय मीन इट." मग माझ्याकडे वळून तुटक मराठीत, "तू टेस्ट कर, ओके? महिन्याच्या आत. नाहीतर तुला दुसरी जागा बघायला लागेल. सॉरी."

मला ते पटलं, खरं सांगतो. आई आहे ती. पण त्या दिवसापासून माझी खोली या चट्ट्यांच्या नावावर अवलंबून राहिली, आणि नाव कुणालाच सांगता येत नव्हतं.

पुढच्या रविवारी जेवायला वर गेलो तर टेबलावर सगळ्यांना नेहमीच्या काचेच्या प्लेटा होत्या आणि माझ्या जागी कागदाची. चमचाही प्लास्टिकचा. मी प्लेटकडे पाहतोय हे काकूंना दिसलं.

"अरे, धुवायला कमी पडावं म्हणून," त्या म्हणाल्या.

घरात डिशवॉशर आहे. भांडी मीच लावायचो.

माझ्या आजोबांसाठी गावातल्या हॉटेलात वेगळा कप असायचा. बाहेर खुंटीला लटकवलेला. चहा पिऊन त्यांनी तो स्वतःच विसळून पुन्हा लटकवायचा. हे मला आजोबांनी सांगितलेलं नाही, वडिलांनी सांगितलंय, एकदाच. काकूंच्या मनात तसं काही नव्हतं, असं मी स्वतःला समजावलं. कदाचित खरंच नसेल. पण मी पहिल्यांदा या घरात आलो तेव्हा त्यांनी आडनाव विचारलं होतं, गाव विचारलं होतं आणि मग "हं" म्हणाल्या होत्या, तो हं मला त्या कागदाच्या प्लेटवर वाढलेला दिसला. मी वरण-भात जेवलो. प्लेट स्वतः कचऱ्यात टाकली. त्या आठवड्यात वडिलांशी फोनवर बोललो, पण हे सांगितलं नाही. त्यांना समजावून सांगावं लागलं नसतं, म्हणूनच सांगितलं नाही.

पथकाच्या ग्रुपवरही कुणीतरी लिहिलं, की हॉस्टेलवर राहिलेली मुलं असलं घेऊन येतात, आपण काळजी घ्यायला हवी. नाव नव्हतं. हॉस्टेलवर राहिलेला त्या पथकात मी एकटाच होतो. मग काका म्हणाले, "या सीझनला जरा ब्रेक घे." गणपती तोंडावर आले होते.

त्वचेच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट डिसेंबरची मिळाली होती. मी रोज सकाळी फोन करून विचारायचो, कुणी कॅन्सल केलंय का. फोनवरची मुलगी मला आवाजावरून ओळखायला लागली. एक दिवस ती म्हणाली, "आज अकराला येऊ शकशील?" मी लॅब सोडून गेलो.

त्या डॉक्टर पन्नाशीच्या होत्या. त्यांनी शर्ट काढायला सांगितला. मग पँटही गुडघ्यापर्यंत. हातात दिवा घेऊन त्यांनी मान, पाठ, कंबर, मांड्या, सगळं पाहिलं. बोटानं कातडी ताणून पाहिली. मला लाज वाटत होती, आणि त्याच वेळी रडायला येईल की काय असंही वाटत होतं, कारण इतक्या महिन्यांत कुणीतरी पहिल्यांदाच नीट बघत होतं.

"काय लावतोस?"

मी फोनमध्ये ट्यूबचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून वाचला.

"यात तीन औषधं आहेत," त्या म्हणाल्या. "बुरशीचं, जंतूंचं आणि एक फार जोरदार स्टिरॉइड. स्टिरॉइडनं खाज थांबते, लाली जाते, तुला वाटतं बरं झालं. खाली बुरशी आरामात वाढते. कातडीनं तिच्याशी लढायचंच सोडून दिलंय. हे पांढरे ओरखडे दिसतात? कातडी पातळ झालीय."

त्यांनी चट्ट्याच्या काठावरून थोडी कातडी खरवडली, काचेवर घेतली, त्यावर एक थेंब टाकला आणि शेजारच्या खोलीत गेल्या. परत आल्या आणि मला बोलावून सूक्ष्मदर्शकात बघायला लावलं. बारीक, फांद्या फुटलेले दोरे. "ही बुरशी," त्या म्हणाल्या. गजकर्णच. कड नव्हती, कारण कड क्रीमनं पुसून टाकली होती.

उपचार साधा वाटत होता. क्रीम बंद, कायमची. रोज एक गोळी. कपडे, टॉवेल गरम पाण्यात आणि ड्रायरमध्ये. घरात आणखी कुणाला असेल तर सगळ्यांनी एकाच वेळी औषध घ्यायचं, नाहीतर ते फिरत राहतं. नमुना त्यांनी तपासणीलाही पाठवला. भारतात आणि आसपास या बुरशीचा एक प्रकार पसरलाय, तो नेहमीच्या गोळीला दाद देत नाही, आणि कुठला ते कळायला काही आठवडे लागतात, असं त्या म्हणाल्या. मग विचारलं, "कमरेपासून सुरू झालं ना? घट्ट काय बांधतोस? जिमचा बेल्ट, दुसऱ्याचा?"

मला टबमधले ते घामानं ओले पट्टे आठवले.

त्या रविवारी मी पार्किंग लॉटमध्ये गेलो. काकांना एकट्याला गाठायचा माझा विचार होता, पण ते सगळ्यांच्या मधे उभे होते. मी अडखळत सांगितलं की बुरशी आहे, पट्ट्यांतून पसरते, पट्टे टाकून द्यायला हवेत आणि ज्यांना खाज आहे त्यांनी दाखवून घ्यायला हवं.

"घ्या, याला ब्रेक दिला तर हा पट्ट्यांवर घसरला," एक आयटीवाला म्हणाला. बाकीचे हसले.

"काका, खरंच. डॉक्टरांनी दाखवलं मला."

"मी कोण आहे मग? कंपाउंडर?" काका म्हणाले. "उभा जन्म गेला माझा हॉस्पिटलात. पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या लोक असेच पट्टे बांधतात. कुणाला काही झालं नाही. तूच पहिला."

"मग कुणालाच खाज नाही?"

एकजण ढोलाची दोरी आवळायला लागला. मी त्यांच्याकडे पाहत होतो आणि मला अचानक आधीचे सगळे रविवार आठवत होते. पाणी प्यायला थांबल्यावर कुर्त्याखाली जाणारे हात. गाडीच्या दाराला पाठ घासणारा एकजण. आम्ही सगळेच ते बघत होतो आणि घामामुळे म्हणत होतो. मी म्हणालो, "एकदा कुर्ता वर करून दाखवा ना कुणीतरी."

"यार, हद्द आहे," कुणीतरी पुटपुटलं.

तेवढ्यात ताशा वाजवणाऱ्या एका मुलीनं, कदाचित हा विषय संपवावा म्हणून असेल, काकांना हळूच विचारलं, "काका, ती आहे का जवळ?" काकांनी सवयीनं आपल्या बॅगच्या बाहेरच्या कप्प्यात हात घातला आणि ट्यूब काढून तिच्या हातात दिली. माझ्यासमोर. अर्धी दाबून वळवलेली.

"ही कशाला लागते, काका?" मी विचारलं.

"डास चावतात इथे."

"पार्किंग लॉटमध्ये?"

काकांनी ढोल उचलला, पट्टा बांधला आणि म्हणाले, "चला, वेळ जातोय." आणि सगळ्यांनी पट्टे बांधले. मी तिथे उभा असताना, मी जे सांगितलं ते ऐकल्यावर, सगळ्यांनी तेच पट्टे बांधले. मला याचा जेवढा राग आला तेवढा प्लेटचाही आला नव्हता. अडाणी माणसं नाहीत ही. यांच्यापैकी एक औषधांच्या कंपनीत संशोधन करतो.

क्रीम बंद केल्यावर अंग पेटलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं असं होईल म्हणून, पण इतकं होईल असं वाटलं नव्हतं. जिथे फिकट होतं तिथे लालभडक कडा उठल्या, गोल, एकात एक. मान झाकायला मी गरमीत बंद गळ्याचं टीशर्ट घालायचो. गोळी चालू होती आणि काही फरक नव्हता. काकूंना हे सगळं म्हणजे पुरावा वाटला. "बघ, आमची क्रीम सोडली आणि काय झालं," त्या म्हणाल्या.

"काकू, छोटीला ती लावू नका. प्लीज."

"मी कुठे लावते?"

पण मी पाहिलं होतं. आंघोळीनंतर छोटीचं अंग पुसायच्या टॉवेलाशेजारी ट्यूब होती, आणि तिच्या गालावरचा चट्टा माझ्यासारखाच येत-जात होता. कड नसलेला.

इथे मी दोन दिवस गप्प बसलो. ताईला सांगायचं म्हणजे काकूंना त्यांच्या मुलीसमोर उघडं पाडायचं. त्यांनी मला ताप आला तेव्हा पेज करून दिली होती. पण तीन वर्षांच्या मुलीचा गाल होता तो. शनिवारी ताई आली तेव्हा मी गाडीजवळच तिला थांबवलं आणि सगळं सांगितलं. माझं इंग्लिश अशा वेळी फार कच्चं पडतं.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "वेट. मॉमने तिच्या फेसवर स्टिरॉइड लावलं? हाऊ लाँग?"

"मला माहीत नाही, ताई. तुमच्या डॉक्टरला नाव सांगा. आणि घरातल्या सगळ्यांना तपासायला हवं. सगळ्यांना."

ती आत गेली. दार बंद असूनही आवाज बाहेर येत होते. छोटीला न जेवताच ती घेऊन गेली. संध्याकाळी काकू माझ्या खोलीच्या दारात आल्या. रडलेल्या दिसत होत्या.

"घरात घेतलं तुला," त्या म्हणाल्या. "आणि माझ्याच मुलीला माझ्याविरुद्ध सांगतोस. आणलंस तू आणि नाव आमचं घेतोस."

मी म्हणायला हवं होतं की मी आणलं नाही. पण मला तरी कुठे नक्की माहीत होतं? हॉस्टेलवर राहिलो होतो हे खरंच होतं. मी फक्त म्हणालो, "काकू, ती बरी व्हावी एवढंच." त्या म्हणाल्या, महिना संपेपर्यंत दुसरी जागा बघ. काका तेव्हा वर टीव्ही बघत होते. आवाज मोठा होता.

मी कॅम्पसजवळच्या त्या खोलीत गेलो, चौघांत पाचवा. मित्रांना मी पहिल्याच दिवशी अंग उघडं करून दाखवलं आणि काय आहे, कसं पसरतं, टॉवेल वेगळा का ठेवतोय ते सांगितलं. एकजण म्हणाला, "ठीक आहे, तू सोफ्यावर नको बसूस मग. आम्हीही बसत नाही, तो मोडलाय." त्याच ताटांत आम्ही सगळे जेवलो. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ताटातून हे पसरत नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी तपासणीचा निकाल आला. तोच प्रकार, नेहमीच्या गोळीला न जुमानणारा. दुसरी गोळी सुरू झाली, जेवणाबरोबर घ्यायची, बरेच आठवडे. पहिल्या पंधरवड्यात काही नाही. मग एका दुपारी लायब्ररीत लक्षात आलं की मी सकाळपासून खाजवलेलं नाही. मी बाथरूममध्ये जाऊन शर्ट वर करून पाहिलं. कडा तपकिरी पडत होत्या. मला आनंद व्हायला हवा होता. झाला. पण त्याच्या मागून लगेच राग आला, कारण जूनमध्ये कुणीही फक्त एकदा बघितलं असतं तर.

गावातल्या मेडिकलवाल्याचा राग, त्या व्हिडिओवरच्या बाईंचा, माझाही. आणि काकांचा सगळ्यात जास्त. ज्याला बघता येत होतं त्यानंच बघितलं नाही, हे माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. आणि मी ते आणलं, हे त्या सगळ्या गोतावळ्यात आता पक्कं झालं होतं. इंडियन ग्रोसरीत पथकातले एक काका भेटले तर त्यांनी हात पुढे केला आणि मग त्याच हातानं कोथिंबिरीची जुडी उचलली.

नोव्हेंबरच्या शेवटी, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत ताईचा फोन आला. मी घेऊ की नको असं करत शेवटी घेतला. छोटीचा गाल बरा आहे, ती म्हणाली. तिच्या डॉक्टरनं सगळ्या घराला तपासून घ्यायला लावलं होतं. काकू गेल्या, त्यांना काही नव्हतं. काका जायला तयार नव्हते. म्हणत होते, मी डॉक्टर आहे, मला काय दाखवता. शेवटी ती म्हणाली की तुम्ही दाखवेपर्यंत नात येणार नाही, तेव्हा गेले.

"आणि?" मी विचारलं.

फोनवर दार लावल्याचा आवाज आला. मग इंग्लिशच्या मधे मधे मराठी घालत, जपून बोलल्यासारखं, तिनं सांगितलं. "बाबांना आहे. सेम थिंग. कमरेवर, मांड्यांवर, सगळीकडे. लास्ट टाइम पुण्याहून आले तेव्हापासून आहे, ते स्वतःच बोलले. तू आमच्याकडे यायच्या आधीपासून."